डाकोटाचा आवाज ऐकून डोळ्यांत पाणी का येते?

वाचक विचारतात : विमानांविषयी

गेल्या अंकात दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आणि आजही उडणाऱ्या विमानांचा मी ओझरता उल्लेख केला होता. त्यावर सोलापूर शहरातून आणि जिल्ह्यातून इतकी पत्रे आली की या वेळचे संपूर्ण सदर त्याच विषयाला द्यावे असे ठरवले. मी हवाई दलात विमानाच्या सांगाड्याचे काम करणारा तंत्रज्ञ होतो, वैमानिक नव्हे, त्यामुळे माझी उत्तरे जमिनीवर उभे राहून विमानाकडे पाहणाऱ्या माणसाची आहेत, हे वाचकांनी लक्षात घ्यावे.

*प्रश्न : २६ जानेवारी २०२४ रोजी दिल्लीला मुलीकडे असताना कर्तव्यपथावरील संचलन प्रत्यक्ष पाहण्याचा योग आला. राफेल विमाने गेली तेव्हा छाती दडपली आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. परंतु तीन विमानांच्या तुकडीत पुढे असलेले जुने डाकोटा घुमत गेले तेव्हा मात्र माझ्या डोळ्यांत पाणी आले. मी सैन्यात नव्हतो, आयुष्यभर बँकेत नोकरी केली. मग असे का व्हावे? — निवृत्त बँक कर्मचारी, जुळे सोलापूर*

उत्तर : आपण पाहिलेल्या तुकडीचे नाव ‘टांगेल’ होते. पुढे एक डाकोटा, म्हणजे महायुद्धकाळातील दोन इंजिनांचे मालवाहू विमान, आणि मागे दोन्ही बाजूंना एकेक डॉर्नियर हे छोटे वाहतूक विमान, अशी ती रचना होती. ११ डिसेंबर १९७१ रोजी पूर्व पाकिस्तानातील टांगेलजवळ आपल्या छत्रीधारी बटालियनला विमानांतून उतरवण्यात आले, त्या कामगिरीत इतर विमानांबरोबर डाकोटाही होती आणि त्या स्मरणार्थ हे नाव दिलेले आहे. पण हे ठाऊक नसतानाही आपले डोळे भरून आले, म्हणून कारण आधी इतिहासात न शोधता आवाजात शोधू.

जेट इंजिनात इंधन अखंड जळत असते. त्यामुळे त्याचा आवाज म्हणजे एक सलग गर्जना असते, तिच्यात ठोके नसतात. डाकोटाच्या प्रत्येक इंजिनात, मधल्या दांड्याभोवती चाकाच्या आऱ्यांसारखे, सात-सातच्या दोन रांगांत चौदा सिलिंडर असतात. संथ प्रवासाच्या वेगात इंजिन मिनिटाला सुमारे दोन हजार फेरे घेते, म्हणजे एका इंजिनात सेकंदाला सव्वादोनशेहून अधिक स्फोट होतात. पंखा दातेरी चाकांमुळे इंजिनापेक्षा सावकाश फिरतो आणि त्याची तीन पाती सेकंदाला पन्नास-साठ वेळा हवेला फटकारतात. स्फोटांचा सूर वरचा आणि पंख्याचा सूर खर्जातला, असे दोन सूर एकाच वेळी कानावर पडतात, आणि खर्जातला सूर कानाइतकाच छातीलाही जाणवतो.

शिवाय इंजिने दोन असतात आणि त्यांच्या फेऱ्या तंतोतंत जुळलेल्या नसतात. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित वेगळ्या लागल्या की त्यांच्यातून जशी लाट उठते, तशीच लाट येथेही उठते. दोन इंजिनांत मिनिटाला दहा फेऱ्यांचा फरक असला तरी पंख्यांच्या खर्जात साधारण दर साडेतीन सेकंदांनी एक भरती आणि एक ओहोटी ऐकू येते. आपण ‘घुमत गेले’ असा जो शब्द वापरला आहे, तो याच भरती-ओहोटीसाठी अचूक आहे. त्यात वेगाची भर पडते. ताशी आठशे किलोमीटर वेगाने जाणारे जेट दोन किलोमीटर अंतर नऊ सेकंदांत कापते आणि मान वळवेपर्यंत दिसेनासे होते. ताशी अडीचशे किलोमीटर वेगाच्या डाकोटाला तेवढ्याच अंतराला अर्धा मिनिट लागतो. अर्ध्या मिनिटात माणूस विमान पाहतो, त्याच्या खिडक्या पाहतो, आत कोणी बसले असेल असा विचार करतो आणि त्या विचाराशी थोडा थांबतोही.

सोलापूरकराला आवाजाचे हे सामर्थ्य वेगळे सांगायला नको. ज्या घरांतील माणसे गिरणीत होती, त्या घरांत भोंगा ऐकून तो कोणत्या गिरणीचा आहे हे लहान मूलही सांगत असे. गिरण्या बंद पडून इतकी वर्षे झाली, तरी माझ्या आईच्या कानात तो भोंगा शेवटपर्यंत वाजत होता. ज्या आवाजावर माणसांचे दिवस चालले, तो आवाज त्या माणसांना घेऊन परत येतो.

आणि आता इतिहासही सांगतो, कारण तो सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपण पाहिलेल्या डाकोटाचे नाव ‘परशुराम’ आहे. ब्रिटनमध्ये दुरुस्त करून घेतलेले हे विमान उद्योजक आणि राजकारणी राजीव चंद्रशेखर यांनी, डाकोटाचे वैमानिक असलेल्या आपल्या वडिलांच्या सन्मानार्थ, हवाई दलाला भेट दिले. एप्रिल २०१८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने उडत भारतात आले. त्याच्या अंगावरील व्हीपी ९०५ हा क्रमांक २७ ऑक्टोबर १९४७ च्या डाकोटाचे स्मरण म्हणून रंगवलेला आहे. त्या दिवशी सकाळी शीख रेजिमेंटच्या पहिल्या बटालियनचे जवान दिल्लीहून डाकोटा विमानांनी श्रीनगरला उतरले. धावपट्टी आपल्या ताब्यात आहे की काश्मीरवर चाल करून आलेल्या टोळीवाल्यांच्या, याची खात्री नसताना ती विमाने निघाली होती. पुढे २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहर सिंग यांनी जनरल थिमय्यांना बरोबर घेऊन, सुमारे ११,००० फूट उंचीवरच्या लेहच्या कच्च्या पट्टीवर डाकोटा उतरवले. केबिनमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसलेले ते विमान हिमालयाच्या खिंडींतून गेले होते. हे सारे त्याच दोन इंजिनांच्या घुमण्यावर झाले. डोळ्यांत पाणी यायला सैन्यात असण्याची गरज नाही.

*प्रश्न : अशी विमाने खरोखर जुनी असतात की नवी बनवून जुनी म्हणून दाखवतात? — महाविद्यालयीन विद्यार्थी, बार्शी*

उत्तर : सांगाडा आणि ओळखपट्टी जुनी असते, झिजलेले, गंजलेले आणि वयोमर्यादा संपलेले भाग मात्र बदललेलेच असतात, आणि ते बदलले नाहीत तर विमानाला उडण्याची परवानगीच मिळत नाही. एखाद्या विमानात मूळ धातू किती उरला, यावर जाणकारांत वाद होतात आणि काही विमानांच्या बाबतीत तो वाद रास्तही आहे. डाकोटाची गोष्ट निराळी आहे, कारण ते मुळातच इतके भक्कम आहे आणि त्याचे लष्करी नमुने दहा हजारांहून अधिक संख्येने तयार झालेले असल्यामुळे सुटे भागही मिळतात.

यावरून आपल्या देशातील एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. महायुद्ध संपल्यावर चार इंजिनांची लिबरेटर बॉम्बफेकी विमाने कानपूरला मोडतोड करून टाकून दिली होती. ती पुन्हा कोणी वापरू नयेत असाच हेतू होता. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कामगारांनी त्या भंगारातून चाळिसेक विमाने पुन्हा उडण्याजोगी केली आणि ती १९६८ पर्यंत आपल्या हवाई दलात राहिली. त्यांपैकीच एक पुढे अमेरिकेत गेले आणि तेथे दुरुस्त होऊन हवाई मेळ्यांत वर्षानुवर्षे उडत राहिले. त्याला टाळ्या वाजवणाऱ्या लोकांतील कितीजणांना कानपूरच्या त्या कामगारांची आठवण झाली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

*प्रश्न : आमचे तीन पिढ्यांचे चादरी आणि टॉवेलचे काम आहे. युद्धातली काही विमाने कापडाची होती असे माझा नातू सांगतो. कापडाचे विमान वाऱ्यात टिकेल कसे? — यंत्रमागधारक, पूर्व भाग, सोलापूर*

उत्तर : आपला नातू खरे सांगतो, आणि हा प्रश्न सोलापुरातून यावा याचा मला फार आनंद झाला.

टायगर मॉथ या दोन मजली पंखांच्या विमानावर महायुद्धाच्या काळातील हजारो वैमानिक, आपले भारतीयसुद्धा, उडायला शिकले. त्याचे पंख लाकडी फासळ्यांचे असतात आणि त्यांवर कापड चढवलेले असते. हे कापड विणलेल्या थानातून बेतून, तंबोऱ्याच्या गवसणीसारखी पिशवी शिवून पंखावर ओढतात. मग मेण लावलेल्या दोऱ्याने ते प्रत्येक फासळीला टाके घालून बांधतात, कारण उडताना पंखाच्या वरच्या बाजूचे कापड हवा वर खेचत असते आणि टाके नसतील तर ते फुग्यासारखे फुगेल. टाक्यांवर दातेरी कडेची पट्टी चिकटवतात. कड दातेरी कापण्याचे कारण आपल्याला सांगायला नको, सरळ कापलेल्या कडेचा धागा सुटतो.

एवढे झाल्यावरही ते कापड ढिलेच असते. त्यावर ‘डोप’ नावाच्या द्रावाचे हात देतात. त्याला नेलपॉलिशसारखा उग्र वास येतो आणि वाळताना तो कापडाला आवळतो. मी नोकरीला लागलो तेव्हा अशा एका पंखाच्या दुरुस्तीत वरिष्ठांच्या हाताखाली होतो. पहिला हात वाळला तेव्हा त्यांनी मला नखाने टिचकी मारायला सांगितली. आवाज बद्द आला. दुसऱ्या दिवशी आणखी हात दिले आणि पुन्हा टिचकी मारायला लावली. तेव्हा हलगी शेकोटीवर तापवल्यानंतर जसा टणत्कार देते, तसा तो पंख वाजला. “आता झाला,” एवढेच ते म्हणाले. वरून चांदीच्या रंगाचे जे हात देतात, त्यांत ॲल्युमिनियमची भुकटी असते. ती शोभेसाठी नसून उन्हाने धागा कुजू नये म्हणून असते.

टिकण्याचे म्हणाल तर, हरिकेन या लढाऊ विमानाच्या धडाचा मागचा भागसुद्धा कापडाचाच होता. शत्रूची गोळी कापडातून आरपार जाई आणि मागे उरलेले भोक ठिगळ लावून बुजवता येत असे. त्याच जागी पत्रा असता तर तो बदलायला कितीतरी वेळ गेला असता. १९४४ साली इंफाळच्या लढाईत भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी हीच विमाने घेऊन लढली. तिचे नेतृत्व पुढे हवाई दलाचे मार्शल झालेल्या अर्जन सिंग यांच्याकडे होते आणि त्यांना त्याच वर्षी डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. एवढेच कशाला, धातूच्या डाकोटाचीही शेपटीवरची आणि पंखांच्या टोकांकडची हलणारी नियंत्रणे कापडाचीच असतात. तेव्हा पुढच्या वेळी ‘परशुराम’ दूरदर्शनवर दिसले तर नातवाला दाखवा की वैमानिक ज्याच्या साहाय्याने ते विमान वळवतो, ते विणलेले कापड आहे.

*प्रश्न : ही विमाने माणसे मारण्यासाठी बनवलेली होती. त्यांच्याकडे मुलांना कौतुकाने बघायला लावणे योग्य आहे का? शिवाय इतकी जुनी विमाने कोसळण्याचा धोका पत्करून उडवायची कशाला, संग्रहालयात ठेवावीत. — माध्यमिक शिक्षिका, पंढरपूर*

उत्तर : बाई, आपले दोन्ही आक्षेप गंभीर आहेत आणि त्यांना मी घाईने उत्तर देणार नाही.

पहिला आक्षेप मी पूर्णपणे खोडून काढू शकत नाही. लँकेस्टर हे महायुद्धातील ब्रिटिश बॉम्बफेकी विमान आकाशात आले की इंग्लंडमधील माणसे डोळे पुसतात. त्याच विमानांनी जर्मन शहरांवर टाकलेल्या बॉम्बनी सामान्य माणसे होरपळली हेही तितकेच खरे आहे, आणि त्या विमानांत बसून गेलेल्यांपैकी हजारो विशीतील मुले परत आली नाहीत हेही खरे आहे. मुलांना विमान दाखवताना या तिन्ही गोष्टी सांगाव्यात. माझा अनुभव असा आहे की मुले त्या ऐकून घेतात. विमान पाहून त्यांच्या अंगावर उठलेला रोमांच त्यामुळे नाहीसा होत नाही, त्याला प्रश्न फुटतात. केवळ छायाचित्र दाखवून तेच सांगितले तर मुले वहीत लिहून घेतात आणि विसरतात.

आपल्या सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली चीनला गेले. जपानी आक्रमणात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि डिसेंबर १९४२ मध्ये तेथेच वारले. त्याच वर्षापासून आसामातील धावपट्ट्यांवरून डाकोटा आणि तिच्यासारखी मालवाहू विमाने हिमालयाच्या पूर्वेकडील डोंगररांगा ओलांडून चीनमध्ये सामान पोहोचवत होती, कारण ब्रह्मदेशातून जाणारा रस्ता जपान्यांनी तोडला होता. त्या मार्गावर शेकडो विमाने हरवली. कोटणीसांच्या स्मारकापाशी मुलांना नेताना ही हकीकत सांगावी असे मला मनापासून वाटते. युद्धकाळातील प्रत्येक विमान बॉम्बच वाहत नव्हते.

धोक्याविषयी आपण म्हणता ते निर्विवाद आहे. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील डॅलस येथे हवाई मेळ्यात महायुद्धकालीन दोन विमाने एकमेकांवर आदळली आणि सहाजण मृत्युमुखी पडले. २०१५ साली इंग्लंडमध्ये शोरहॅम येथे एक जुने जेट रस्त्यावर कोसळून अकराजणांचा बळी गेला, त्यांतील कोणीही विमानात नव्हते. त्यानंतर ब्रिटनमध्ये प्रेक्षकांपासूनचे अंतर आणि कसरतींचे नियम अधिक कडक करण्यात आले, आणि ते योग्यच झाले. माझे मत असे आहे की या विमानांनी कसरती करू नयेत, त्यांना गिरक्या घ्यायला लावणे हा म्हाताऱ्या माणसाला पळायला लावण्याचा प्रकार आहे. सरळ, सावकाश, वस्तीपासून दूर आणि उत्तम देखभालीत ती उडावीत. पण उडावीत. जगात आज लँकेस्टरची दोनच विमाने उडतात, एक इंग्लंडमध्ये आणि एक कॅनडात. २०१४ साली कॅनडातील विमान अटलांटिक ओलांडून आले आणि दोघे जोडीने उडाले. सात हजारांहून अधिक बनलेल्या विमानांपैकी ती दोन होती. संग्रहालयातील विमान मी कितीतरी वेळा पाहिले आहे आणि त्याच्याविषयी मला आदर आहे, परंतु पेटीत ठेवलेल्या वाद्याचा सूर कोणी ऐकलेला नसतो.

*प्रश्न : सोलापुरात राहून ही विमाने उडताना पाहायची असतील तर कुठे जावे? — दोन मित्र, होटगी रस्ता*

उत्तर : सर्वांत सोयीचे म्हणजे बंगळूरूजवळचे येलहंका. विषम सालच्या फेब्रुवारीत तेथे एअरो इंडिया भरते आणि आपल्याकडून उद्यान एक्स्प्रेस थेट बंगळूरूला जाते. तेथे जुनी विमाने दरवेळी असतीलच असे नाही, म्हणून कार्यक्रम पाहून तिकिटे काढा. दिल्लीचे २६ जानेवारीचे संचलन आणि ८ ऑक्टोबरच्या सुमाराचा हवाई दल दिन हे दुसरे दोन प्रसंग. उभी असलेली विमाने पाहायची असतील तर गोव्यात दाबोळीजवळ नौदलाचे विमान संग्रहालय आहे, आणि दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात हरिकेन, स्पिटफायर, टेम्पेस्ट आणि मघाशी सांगितलेल्या लिबरेटरपैकी एक आहे.

मुले परदेशी असणाऱ्या सोलापूरकरांची संख्या आता कमी नाही. त्यांनी उन्हाळ्यात इंग्लंडला जाताना केंब्रिजजवळचे डक्सफर्ड किंवा बेडफर्डशायरमधील ओल्ड वॉर्डन येथील कार्यक्रमांच्या तारखा पाहाव्यात. ओल्ड वॉर्डन लहान आहे आणि मैदान गवताचे आहे, म्हणून मी तेच आधी सुचवीन. अमेरिकेत असाल तर जुलैच्या अखेरीस विस्कॉन्सिनमधील ऑशकोश. कोठेही गेलात तरी उड्डाणाच्या आधी तासभर पोहोचा आणि विमान सुरू होताना पाहा. पाणी आणि टोपी बरोबर ठेवा, कारण धावपट्टीच्या बाजूला सावली नसते. पहिल्या फेरीत छायाचित्रे काढू नका, फक्त ऐका.

हार्वर्ड हे सरावाचे विमान असेल तर त्याचा कर्कश, फाटल्यासारखा आवाज ऐकून इंजिन बिघडले असे समजू नका. त्याचा नऊ फुटी पंखा इंजिनाच्या दांड्यावर थेट बसवलेला असतो आणि उड्डाण घेताना पात्यांची टोके सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ध्वनीच्या वेगाने फिरतात. तो आवाज इंजिनाचा नसून पात्यांच्या टोकांचा असतो.

*प्रश्न : मी आठवीत आहे. व्हिडिओत डाकोटा सुरू करण्याआधी माणसे पंखा हाताने फिरवताना दिसतात. बॅटरी नसते का? — विद्यार्थिनी, अक्कलकोट*

उत्तर : बाळ, बॅटरी असते आणि इंजिन तिनेच सुरू होते. हाताने पंखा फिरवणे हे सुरू करण्यासाठी नसते, तपासण्यासाठी असते. सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे असतात हे वर सांगितले आहे. म्हणजे काही सिलिंडर खाली तोंड करून असतात. विमान उभे राहिले की वंगण तेल हळूहळू झिरपून त्या खालच्या सिलिंडरांत साचते. हवा दाबली जाते, तेल दाबले जात नाही. तशा अवस्थेत बॅटरीच्या जोराने इंजिन फिरवले तर दट्ट्याचा दांडा वाकतो आणि तो पुढे हवेत असताना तुटू शकतो. म्हणून स्विच बंद असल्याची खात्री करून दोन-तीन माणसे एकामागून एक पाते धरून ओढतात आणि मोठ्याने मोजतात. पाते मध्येच अडले तर कोणी जोर लावत नाही, खालचा प्लग काढून तेल बाहेर सोडतात. अडले नाही तर सगळे बाजूला होतात. वैमानिक खिडकीतून हात बाहेर काढून खूण करतो, पंखा बॅटरीवर किरकिरत चार-सहा पाती फिरतो, एखादा सिलिंडर खोकतो, खालच्या सिलिंडरांत उरलेले तेल जळून निळसर पांढऱ्या धुराचा लोट पंखाखालून मागे जातो, दुसरा सिलिंडर पेटतो, तिसरा पेटतो, आणि मग सगळे चौदा एका लयीत येतात.